पट्टीने रेघा ओढल्या म्हणून चित्रकार नाही?

(बडोद्याच्या एका गटातली चर्चा, बोलणारे आपापल्या भागाच्या नावाने. विषय: सरळ रेघांची अमूर्त चित्रं काढणाऱ्या नसरीन मोहम्मदी.)

दांडियाबाजार: परवाच्या पोस्टमध्ये रावपुरेकरांनी लिहिलं, 'नसरीन मोहम्मदी म्हणजे पट्टी आणि पेन. इंजिनीअरिंगचं पोरगं याहून बरं ड्रॉइंग काढेल. चित्रकार म्हणजे अमृता शेरगिल.' त्या पोराच्या हाती रुलिंग पेन, म्हणजे शाईने एकसारख्या जाडीच्या रेघा ओढायचं पेन, द्याच. दोन पाती, एक स्क्रू. शाई ड्रॉपरने पात्यांमध्ये सोडायची, तीही पाच-सहा मिलिमीटरच. जास्त झाली की पेन टेकवताक्षणी थेंब पडतो. पात्याला बाहेरून शाई लागली तर ती पट्टीखाली शिरते आणि रेघ फासते. म्हणून पट्टीची कड कागदापासून किंचित वर हवी. रेघेच्या शेवटी हात रेंगाळला की शाईची गाठ. साठाव्या रेघेला चुकलात तर आधीच्या एकोणसाठ गेल्या, कारण ब्लेडने खरवडलं की कागदाचे तंतू उठतात आणि नवी शाई तिथेच फुटते.

रावपुरा: ही कारागिरी झाली. शेरगिलच्या 1935च्या 'तीन मुली' बघा, त्या झुकलेल्या नजरा! रविवर्मा बघत वाढलेल्या बडोदेकराला चित्रात माणूस लागतो.

फतेहगंज: आला रविवर्मा! इथली प्रत्येक चर्चा लक्ष्मी विलास राजवाड्याच्या फाटकाशी जाऊन बसते. अहो, 1941मध्ये अमृता गेली तेव्हा नसरीन चार वर्षांची होती. शर्यत कुणाची लावताय? 1972पासून 1990मध्ये जाईपर्यंत नसरीन इथेच, बडोदा विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सला शिकवत होती. बहुतेक कामांना ना नाव, ना तारीख. आणि बहुतेक सगळं कागदावर! आपल्याकडे कागदाची वाट लावतो तो फ्रेमवाला. पाठीला प्लायवूड, कडेने चिकटपट्टी, काच थेट चित्रावर. दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके.

रावपुरा: मग करायचं काय? नुसते टोमणे नकोत.

फतेहगंज: माउंट, म्हणजे चित्रामागचा पुठ्ठा, आम्लमुक्त. काच आणि कागदात तीन-चार मिलिमीटर मोकळी जागा. चित्र फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांच्या बिजागऱ्यांवर. खालची बाजू सुटी, कारण दमट हवेत कागद फुगतो. चारही कडा चिकटवल्या तर लाटा येणारच. बाहेरच्या भिंतीवर टांगायचं नाही, प्रकाश 50 लक्सच्या (उजेडाचं माप) वर नको.

दांडियाबाजार: फ्रेमचा धागा वेगळा काढा राव! मुद्दा रेघेचा होता. नसरीनची तिरकी रेघ बघा, गडद सुरू होते आणि विरत जाते. पेन्सिलीत ते दाबावर, शाईत पाणी किती मिसळलं त्यावर. स्क्रू एकदा बसवला की जाडी ठरली, पुढचं सगळं वेगावर. शेवटच्या वर्षांत आजाराने शरीरावरचा ताबा सुटत गेला, तरी रेघ ढळली नाही. पोरगं करेल हे?

रावपुरा: बरं, हात होता. मुजरा! पण मला त्यात अजून बांधकामाचा नकाशाच दिसतो. अमृताची पंगत वेगळी.

दांडियाबाजार: नकाशावर मापं असतात. यातलं एक तरी माप सांगा.

रावपुरा: ते राहू द्या. फतेहगंजवाले, बिजागऱ्या कशाने चिकटवायच्या? मोरचूद घातलेली खळ चालेल?

फतेहगंज: मोरचूद अजिबात नको! कसर लागत नाही, पण मोरचुदातल्या तांब्याने कागद तपकिरी होऊन तुटतो. गव्हाचं स्टार्च एक भाग, पाणी पाच भाग. मंद आचेवर अर्धा तास ढवळा, गार झाल्यावर गाळा. आणि दोन-तीन दिवसांत संपवा, नाहीतर आंबते.