मदत हवी आहे: बायनरी स्ट्रिंगमध्ये मध्येच 'बी' कुठून येतोय?

घाईत_आहे:
पूर्णांकांची यादी आहे. प्रत्येकाची बायनरी स्ट्रिंग (म्हणजे ० आणि १ मध्ये लिहिलेलं रूप) करून फाइलमध्ये लिहायची, एका ओळीत एक. बहुतेक ओळी बरोबर येतात, पण काहींच्या सुरुवातीला चक्क 'बी' हे अक्षर येतंय. नेटवर शोधून झालं, सगळीकडे तेच ते. उद्या सकाळी द्यायचंय, जाणकारांनी लवकर सांगा.

उंबरठा:
भाषा कुठली? कोड कुठे आहे? कुठल्या ओळींत येतंय? 'काही ओळी' यावरून आम्ही काय ओळखायचं?

दोनाने_भागा:
तयार फंक्शनांच्या नादी लागलं की असंच होतं. २ ने भागत जा, बाकी लिहून ठेवा, भागाकार शून्य झाला की थांबा आणि बाक्या उलट क्रमाने वाचा. १३ घ्या: बाक्या येतात १, ०, १, १. उलट वाचलं की ११०१. चार ओळींचा लूप आहे, 'बी'चा प्रश्नच येत नाही.

घाईत_आहे:
पायथन, दुसरं काय असणार. भागाकाराची रीत मला येते हो. माझं काम एका ओळीत होतंय: बिन(एन)[२:], म्हणजे बायनरी करून पहिली दोन अक्षरं कापायची. ते कशाला बदलू?

कॉफीचा_डाग:
जावा घ्या आणि सुखी व्हा. इंटिजर.टूबायनरीस्ट्रिंग() लिहिलं की थेट उत्तर. पायथनसारखं पुढे ०बी नाही, कापाकापी नाही.

उंबरठा:
@कॉफीचा_डाग, रात्रीत भाषा बदलायला सांगताय? आणि जावा तरी कुठे पुढची शून्यं देतं? ५ दिलं तर १०१ एवढंच मिळतं.

चष्मा_कुठाय:
धागाकर्ते, तुमच्या यादीत ऋण संख्या आहेत. तुम्ही सांगितलं नाहीत, पण तो 'बी' सांगतोय. बिन(५) दिलं की '०बी१०१' मिळतं, त्याची पहिली दोन अक्षरं कापली की १०१. बिन(-५) दिलं की मिळतं '-०बी१०१'. इथे पहिली दोन अक्षरं म्हणजे वजाचं चिन्ह आणि शून्य. उरतं काय? 'बी१०१'.

घाईत_आहे:
हो, आहेत ऋण. तापमानाचे आकडे आहेत, ऋण असणारच ना. म्हणजे ऋण असेल तर तीन अक्षरं कापू?

मधलं_बोट:
कापूच नका. फॉरमॅट(एन, '०८बी') लिहा. आठ जागा, पुढे शून्यं, 'बी' गायब.

घाईत_आहे:
केलं. -५ ला '-००००१०१' आलं. वजाचं चिन्ह नकोय!! पुढचा प्रोग्राम फक्त ० आणि १ वाचतो.

उंबरठा:
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर आत्तापर्यंत झोपला असतात.

दोनाने_भागा:
म्हणूनच म्हणतो, लूप लिहा.

चष्मा_कुठाय:
@दोनाने_भागा, तुमचा लूप पायथनमध्ये -५ देऊन चालवून बघा. पायथनचा पूर्णांकी भागाकार खाली उतरतो: -५ चे -३, मग -२, मग -१. आणि -१ ला २ ने भागलं की परत -१. शून्य कधी येतच नाही, लूप फिरतोय तो फिरतोयच.

दोनाने_भागा:
सी मध्ये बरोबर थांबतो. गेली कित्येक वर्षं वापरतोय.

चष्मा_कुठाय:
थांबतो, कारण सी शून्याकडे झुकतं: -५, -२, -१, ०. पण मग बाकी -१ येते. ती स्ट्रिंगमध्ये कुठला अंक म्हणून लिहिता?

दोनाने_भागा:
ऋण संख्या कधी दिल्या नाहीत.

शून्यातून:
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ०.१ बायनरीत नेमकं लिहिताच येत नाही. ०.०००११००११... असं अनंत चालतं. म्हणूनच ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथनमध्ये ०.३ च्या बरोबर येत नाही.

उंबरठा:
पूर्णांक चाललेत इथे, पूर्णांक.

लघुगुरू:
रच्याकने, पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंचे प्रस्तार मांडायची रीत आहे, ती दोन चिन्हांचीच. जर्मन गणिती लाइबनित्सचा बायनरीवरचा लेख १७०३ चा, म्हणजे कितीतरी नंतरचा.

कॉफीचा_डाग:
आता धागा शंभरी गाठणार. (हघ्या, म्हणजे हलके घ्या)

चष्मा_कुठाय:
मूळ मुद्द्यावर येऊ. पायथनच्या पूर्णांकाला ठरावीक रुंदीच नसते, म्हणून तो वजाचं चिन्ह लावून मोकळा होतो. जावाचा इंट ३२ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ चा एक अंक), म्हणून -५ ला तिथे ३१ एक आणि एकच शून्य मिळतं. पायथनमध्ये रुंदी तुम्हीच सांगायची. आठ बिट हवे असतील तर: फॉरमॅट(एन & २५५, '०८बी'). '& २५५' म्हणजे शेवटचे आठ बिट तेवढे ठेवा. -५ चं होतं १११११०११, म्हणजे टूज कॉम्प्लिमेंट, वजाच्या चिन्हाशिवाय ऋण संख्या लिहायची रीत. ५ चे बिट उलटे करून १ मिळवला की हेच येतं, पडताळून बघा. आता सांगा, तापमान कुठून कुठपर्यंत जातं? आठ मी धरून चाललोय, तुम्ही बोललेला नाहीत.

घाईत_आहे:
अरे वा, चाललं!! आकडे -४० ते १५०. आठच ठेवतो.

चष्मा_कुठाय:
ठेवू नका! आठ बिटांत चिन्हासकट -१२८ ते १२७ एवढंच मावतं. १५० चं १००१०११० होईल, आणि पलीकडचा प्रोग्राम ते -१०६ म्हणून वाचेल. एरर कुठेच येणार नाही, म्हणून जास्त भीती. १६ बिट घ्या: फॉरमॅट(एन & ६५५३५, '०१६बी'). पण पलीकडे किती बिट वाचतात ते आधी विचारा.

मधलं_बोट:
'०८बी' मीच सुचवलं होतं.

लघुगुरू:
गंमत म्हणून करून बघा: पायथनच्या इंट() ला देवनागरी अंकांची स्ट्रिंग चालते. इंट('१०१', २) चं उत्तर ५ येतं. नुसता आकडा देवनागरीत लिहिलात तर मात्र सिंटॅक्स एरर. वरचा कोड इथून उचलून चिकटवणाऱ्यांनी अंक बदलून घ्यावेत.

घाईत_आहे:
तिकडे फोन केला. १६ चालतील म्हणाले, पण 'लो बाइट आधी' हवा म्हणतात. हे काय आता नवीन? वेगळा धागा काढू का?

उंबरठा:
नको!

चष्मा_कुठाय:
शेवटचे आठ अंक पुढे आणा, बास. एस[८:] + एस[:८], एस म्हणजे तुमची १६ अंकी स्ट्रिंग. -५ चं व्हायला हवं १११११०११११११११११. एकच शून्य, डावीकडून सहावं. तेवढं जुळलं की पाठवून द्या.