लेपर्ड गेकोची पिल्ले वाढताना काचपेटी कोणत्या मापाची घ्यावी?

प्रश्न

आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझ्या मुलाने तीन महिन्यांपूर्वी लेपर्ड गेकोची (ही घरात पाळतात ती ठिपकेदार पाल) दोन पिल्ले आणली असून ती १० गॅलनच्या एकाच काचपेटीत आहेत. पूर्ण वाढलेला गेको ८ ते १० इंच लांब होतो, म्हणून आताच ४० गॅलनची पेटी घ्यावी, असा त्याचा आग्रह आहे. दुकानदार मात्र म्हणतो की मोठ्या पेटीत पिल्लू बावरते आणि खाणे सोडते. दुसरी काळजी अशी, की एक पिल्लू चांगले धष्टपुष्ट झाले आहे आणि दुसऱ्याची शेपटी पेन्सिलीसारखी बारीक झाली आहे. पेटी लहान पडत असल्यामुळे असे होत असेल का?

उत्तर १

पेटीच्या मापाचे नंतर पाहू; आधी दोन्ही पिल्लांना आजच वेगळे करा. लेपर्ड गेको शेपटीत चरबी साठवतो, त्यामुळे शेपटी बारीक होणे म्हणजे साठवलेले संपत येणे. एकत्र ठेवल्यावर दांडगे पिल्लू उबदार जागा अडवून बसते, दुबळे थंड कोपऱ्यात राहते आणि ऊब न मिळाल्याने त्याला खाल्लेले नीट पचत नाही. ती एकमेकांच्या अंगावर बसतात तेव्हा आपल्याला माया वाटते, पण बहुधा ती जागेसाठीची कुरघोडी असते. वेगळे करूनही आठ-दहा दिवसांत वजन वाढले नाही, तर विष्ठेचा नमुना घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा, कारण आतड्यात परजीवी असण्याचीही शक्यता असते.

उत्तर २

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मापाबद्दल सांगायचे, तर दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. पिल्लू मोठ्या जागेला भीत नाही, आडोसा नसलेल्या जागेला भिते. शिवाय मोकळ्या पेटीत खायला सोडलेले रातकिडे कोपऱ्यांत दडून बसतात आणि त्याला सापडत नाहीत. सध्या प्रत्येकाला १० गॅलनची पेटी पुरेल. नंतर थेट ४० गॅलनची, म्हणजे ३६ इंच लांब आणि १८ इंच रुंद पेटी घेतली तरी चालेल, मात्र ती दगड, बुंध्याची साल आणि लपायच्या जागांनी भरलेली हवी. उंच पेटीवर पैसे घालवू नका: आपल्या घरच्या पालीसारखी चिकटणारी बोटे लेपर्ड गेकोला नसतात, त्यामुळे त्याला काचेवर चढता येत नाही आणि त्याच्या उपयोगाचा असतो तो तळच.

पेटी कोणतीही असो, लपायच्या तीन जागा लागतात. एक उबदार, जिथली जमीन ३२ अंश सेल्सियसच्या आसपास असेल. एक थंड बाजूला, २५ अंशांच्या जवळपास. आणि तिसरी ओल्या शेवाळाची डबी, कारण कोरड्या हवेत टाकलेली कात बोटांना आवळून राहते आणि बोट गळू शकते. हीट मॅट (पेटीखाली ठेवायची विजेची गरम चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आटोक्यात ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय, लावू नका, पोट भाजते. तळाला वाळू नको, साधा पेपर टॉवेल अंथरा. पिल्लू भक्ष्यावर झडप घालताना वाळू गिळते आणि तिने आतडे तुंबू शकते.

प्रश्नकर्तीकडून

आपल्या दोघांचे मनापासून आभार. त्याच संध्याकाळी बारीक शेपटीच्या पिल्लाला वेगळ्या पेटीत हलवले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केले, ते ९ ग्रॅम भरले. पहिले दोन दिवस ते उबदार आडोशातून बाहेरच आले नाही. काल रात्री दिवे मालवल्यावर त्याने कॅल्शियमची पूड लावलेले तीन रातकिडे खाल्ले. मुलगा तासभर काचेला नाक लावून बसला होता. मोठी पेटी आता दिवाळीनंतर घेऊ.