शब्दचर्चा : लंबवर्तुळाकार की लंबगोल?

प्रश्न : दीर्घिकासमूहांच्या (दीर्घिका म्हणजे गॅलॅक्सी, ताऱ्यांची प्रचंड वसाहत) मध्यभागी ज्या अवाढव्य 'इलिप्टिकल' दीर्घिका असतात, त्यांच्यावर लिहितो आहे. मराठीत 'लंबवर्तुळाकार दीर्घिका' रूढ आहे, पण मला ते खटकतं. लंबवर्तुळ म्हणजे कागदावरची सपाट आकृती. शिवाय कन्या दीर्घिकासमूहातली एम ८७ ही दीर्घिका छायाचित्रात चक्क वाटोळी दिसते!

उत्तर : शंका रास्त आहे. वर्तुळ सपाट, गोल भरीव हा भेद मराठीत आयता आहे, तर 'लंबगोल' लिहा. एम ८७ वाटोळी दिसली म्हणून 'लंब' गाळायची गरज नाही. खगोलशास्त्रज्ञ हबलच्या वर्गवारीत (ई म्हणजे इलिप्टिकल) वाटोळी ती ई ०, सर्वांत लांबट ती ई ७; पण हे आकडे फक्त आपल्याला दिसणाऱ्या आकाराचे. काकडी टोकाकडून पाहिली की गोलच दिसते. आणि गंमत बघा, संस्कृतात 'दीर्घिका' म्हणजे लांबट तळं, म्हणजे लांबी मूळ शब्दातच आहे.

प्रश्न : पटलं. यांतल्या काहींना 'सीडी' दीर्घिका म्हणतात. 'सेंट्रल डॉमिनंट' म्हणून 'केंद्रवर्ती प्रबळ' चालेल?

उत्तर : नको. तो विस्तार मागाहून चिकटलेला आहे. डी म्हणजे 'डिफ्यूज'. या दीर्घिकांभोवती ताऱ्यांचं विरळ, दूरवर पसरलेलं आवरण असतं, त्यावरून ते अक्षर आलं. सी हे ताऱ्यांच्या वर्णपटांच्या जुन्या खुणांमधलं, महाराक्षसी ताऱ्यांसाठीचं अक्षर. म्हणून 'महाराक्षसी विसरित दीर्घिका' म्हणा. मध्यभागी असणं हा त्यांचा पत्ता झाला, नावाचा अर्थ नव्हे.

आणखी एक : 'गॅलॅक्टिक कॅनिबलिझम'साठी 'स्वजातिभक्षण' बरोबर आहे, पण वाक्यात जड होतं. आपल्याकडे 'गिळंकृत करणे' आहे की. समूहाच्या मध्याकडे ओढल्या गेलेल्या लहान दीर्घिका ही मोठी दीर्घिका गिळंकृत करते आणि फुगत जाते. एम ८७ भोवती सुमारे १२,००० गोलाकार तारकागुच्छ आहेत, आपल्या आकाशगंगेभोवती जेमतेम दीडशे. त्यांतले बरेच गिळलेल्या दीर्घिकांबरोबर आलेले. 'विलीनीकरण' मात्र दोन तुल्यबळ दीर्घिकांसाठी राखून ठेवा.

प्रश्नकर्ता : मग पहिलं वाक्य असं करतो : 'कन्या समूहाच्या मध्यभागी, आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, एम ८७ ही महाकाय लंबगोल दीर्घिका आहे, शेजारच्या लहान दीर्घिका गिळंकृत करत ती एवढी वाढली.'