मालगुंड: केशवसुतांचं घर बघायला जातोय, वेळ किती ठेवू?

सायली_पुणे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरमध्ये गणपतीपुळ्याला दोन रात्री मुक्काम आहे. मी, नवरा, लेक (सहावीत) आणि आईबाबा. बाबा ७६ वर्षांचे, मराठीचे निवृत्त शिक्षक. आजवर चार वेळा पुळ्याला गेलो आणि चारही वेळा मालगुंडची पाटी गाडीतूनच बघितली. कधी जेवायला उशीर, कधी परतीचा घाट अंधाराच्या आत उतरायची घाई. बाबा दर वेळी "असू दे, पुढच्या खेपेला" म्हणतात. या खेपेला त्यांचं ते "असू दे" मला ऐकायचं नाहीये.

तर, वेळ किती ठेवावा? बाबांचे गुडघे दुखतात, चढउतार किती आहे? आणि खरं सांगा, सहावीतल्या मुलीला तिथे काही रस वाटेल का? तिची अट आहे की "नुसते फोटो आणि पाट्या असतील तर मी गाडीत बसणार."

लाल_डबा

पुळ्यापासून दीड-दोन किलोमीटर. रिक्षा मिळते. वीस मिनिटांत बघून होतं, फार काही नाही.

ओटीवरचा_झोपाळा

लाल_डबा, वीस मिनिटांत माझं चप्पल काढून घालूनसुद्धा होत नाही हो!

सायली, मी शेजारच्याच तालुक्यातली, पाहुणे आले की त्यांना घेऊन जाते. नीट बघायचं तर दीड तास धरा. बाबा शिक्षक आहेत म्हणताय, मग दोन.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. तिथे कवीचा चष्मा, टाक, दौत असं काही शोधायला जाऊ नका. गरीब शाळामास्तर होते ते. आज मुंबईत, उद्या खानदेशात, मग धारवाडला. हयातीत स्वतःचा एक कवितासंग्रहसुद्धा निघाला नाही, तो नंतर ह. ना. आपट्यांनी काढला. तेव्हा बघायचंय ते घर. कौलं, ओटी, माजघर, जुन्या वळणाचं कोकणी घर. आत शिरलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला मिनिटभर जातं, तेवढं थांबा. बहुतेक लोक त्या मिनिटाच्या आत फोटो काढून बाहेर पडलेले असतात आणि मग "फार काही नाही" म्हणतात. (लाल_डबा, दिवे घ्या, म्हणजे गमतीत घ्या.)

घराशेजारी आधुनिक मराठी कवींचं दालन आहे. बाबांचा वेळ तिथे जाईल, माझ्या सासऱ्यांना तिथून अक्षरशः ओढून काढावं लागलं होतं. बाहेर दगडांवर केशवसुतांच्या कविता कोरल्यात.

गुडघ्यांचं म्हणाल तर पुळ्याच्या देवळाची डोंगराभोवतीची प्रदक्षिणा बाबांना करायला लावू नका, ती जवळपास किलोमीटरभर आहे. ते पाय मालगुंडसाठी राखून ठेवा. डिसेंबर आहे म्हणून बरं, पावसाळ्यात आमच्याकडच्या जांभ्याच्या पायऱ्या शेवाळतात आणि भले भले आडवे होतात.

ऱ्हस्वदीर्घ

थोडी माहिती. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले. जन्मतारीख बऱ्याच ठिकाणी ७ ऑक्टोबर १८६६ अशी दिसेल, काही अभ्यासक १५ मार्च १८६६ मानतात. वाद जुना आहे, इथे उकरू नये ही विनंती. स्मारक कोकण मराठी साहित्य परिषदेने उभं केलं. परिषद १९९१ची, मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने सुरू झालेली. ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. सरकारने नव्हे, लिहित्या-वाचत्या लोकांनी एका कवीचं घर राखलं, हे आपल्याकडे किती वेळा घडतं?

आणि धाग्याच्या शीर्षकात "घर" लिहिलंत, "म्युझियम" नाही, याबद्दल आभार.

लाल_डबा

घेतले दिवे. कबूल करतो, मी गेलो तेव्हा पुळ्याला मोदक-जेवण हाणून गेलो होतो आणि परतीच्या एसटीला पाऊण तास उरला होता. दोष माझा.

घाटमाथा

पुण्याहून येताना कऱ्हाड-मलकापूर-आंबा घाट-साखरपा धरा. हातखंब्याला पोचलात की रत्नागिरीत न शिरता मुंबईच्या दिशेला वळायचं, निवळी फाट्यावरून थेट गणपतीपुळे. परतताना मात्र रत्नागिरीमार्गे या, आरे-वारेचा रस्ता समुद्राला लागून आहे. नवऱ्याला चालवू द्या, तुम्ही खिडकीशी बसा. त्याच वाटेवर रत्नागिरीत टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे, तेही जपलेलं. टिळकांचा जन्म १८५६चा, केशवसुतांच्या आधी दहा वर्षं. दोन्ही घरं एकाच फेरीत होतात.

संकष्टी, अंगारकी कधी आहे ते कॅलेंडरमध्ये बघून घ्या. त्या दिवशी पुळ्यात गाडी लावायला जागा शोधण्यातच सकाळ जाते.

बाराखडी_बाई

मी शाळेत शिकवते, म्हणून मुलीबद्दल लिहिते.

सगळे तिला "तुतारी" वाचायला सांगतील. सांगू नका. तिथे पोचल्यावर आजोबांच्या तोंडून आपोआप येईल. जायच्या आदल्या रात्री तिला "दुर्मुखलेला" वाचून दाखवा. वर्गात गुरुजी एका मुलाला त्याच्या पडलेल्या चेहऱ्यावरून बोलतात आणि तो मुलगा मनातल्या मनात उत्तर देतो, की याच तोंडातून पुढे अशी कवनं निघतील की लोक ती वाचत राहतील. हे उत्तर मनात घोळवलं नाही असा सहावीतला एकही मूल मला भेटलेला नाही! त्या पोराचं घर बघायला जायचंय म्हटलं की ती गाडीत बसून राहणार नाही.

आणि भाषा जुनी आहे म्हणून प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगत बसू नका. आम्ही वर्गात तेच करतो आणि म्हणूनच मुलं पळतात.

बाबांसाठी "नैऋत्येकडील वाऱ्यांस" छापून न्या, मोठ्या अक्षरात. घरापासून लांब असताना समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून लिहिलेली आहे. ती तिथे वाचायची, बाकी काही करायचं नाही.

ऱ्हस्वदीर्घ

बाराखडी_बाई, सूचना उत्तम. फक्त "असा एकही मूल भेटलेला" नव्हे, "असं एकही मूल भेटलेलं".

बाराखडी_बाई

ऱ्हस्वदीर्घ, वही आणून दाखवू का दुरुस्त करून?

चिपळूण_जंक्शन

मुंबईहून येणाऱ्यांसाठी भर घालतो. खेडला महामार्ग सोडून दापोली तालुक्यात पालगडला गेलात तर साने गुरुजींचं घर आहे. गुरुजींचा जन्म तिथलाच, २४ डिसेंबर १८९९. गर्दी नसते. केशवसुतांचंही थोडं शिक्षण खेडला झालेलं, म्हणजे ती वाट त्यांच्याही ओळखीची.

मालगुंडच्या वेळा निघायच्या आधी फोन करून विचारा, नेटवरच्या वेळेवर विसंबू नका. आणि पुळ्याला हॉटेलात जेवण्यापेक्षा मालगुंडातच एखाद्या घरी सकाळी सांगून ठेवा. घावने, उसळ, सोलकढी, केळीच्या पानावर. सांगून ठेवलं नाहीत तर मिळणार नाही, आयत्या वेळी "भात संपला" ऐकावं लागतं आणि तो खरंच संपलेला असतो.

सायली_पुणे

सगळ्यांचे आभार! जाऊन आलो, म्हणून धागा वर काढतेय.

दोन तास ठेवले होते, पावणेतीन लागले. ओटीवरच्या_झोपाळ्याने सांगितलं तसं आत शिरल्यावर गप्प उभे राहिलो. आधी काही दिसेना, मग हळूहळू भिंत, कोनाडा, वरचे वासे. आई म्हणाली, "आमच्या आजोळी अस्संच होतं" आणि तिथून पुढे अर्धा तास केशवसुत बाजूला राहिले, आईच्या आजोळचं कोण कुठे झोपायचं तेच चाललं होतं. बाबा वैतागले. मला मात्र आईच्या आजोळचं हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं.

लेकीने आदल्या रात्री "दुर्मुखलेला" ऐकली आणि पहिला प्रश्न, "त्या सरांचं नाव काय होतं?" बाबा म्हणाले, "कोणाच्या लक्षात आहे?" ती इतकी खूश झाली की काय सांगू. दुसऱ्या दिवशी घरात शिरताना तीच पुढे.

दालनात बाबा एकेका कवीपाशी थांबत गेले. मी लांबून बघत होते. ते वाचत नव्हते, पाठ म्हणत होते आणि लिहिलेल्याशी पडताळून बघत होते. एका ठिकाणी अडखळले, चष्मा वर केला, परत वाचलं आणि "हात्तिच्या, चाळीस वर्षं चुकीचा शब्द शिकवला" म्हणाले. कुठला ते सांगायला तयार नाहीत.

"तुतारी" त्यांनी म्हटली नाही. लेक मागे लागली तरी नाही. "ती वर्गात म्हणायची," म्हणाले. बाहेर झाडाखाली बसून वाऱ्यांवरची कविता मात्र वाचली, छापलेला कागद दोन्ही हातांनी धरून, कारण वारा खरंच होता. मग लेकीला सांगितलं, हा माणूस प्लेगच्या भीतीने मुंबई सोडून खानदेशात गेला आणि १९०५ साली हुबळीत प्लेगनेच गेला, चाळिशीही गाठली नाही. लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे बाबांपेक्षा लहान." नवऱ्याने उगाच घसा खाकरला.

जेवण सांगून ठेवलं होतं, त्यामुळे भात संपला नव्हता. घावन्यांबद्दल चिपळूण_जंक्शन यांना साष्टांग.

चुकलं एकच. आम्ही ऐन दुपारी पोचलो आणि त्याच वेळी एका शाळेची सहल बस भरून आली. अर्धा तास कोणालाच काही ऐकू येईना. शक्यतो सकाळी उघडल्या उघडल्या जा. टिळकांचं घर राहिलं, आरे-वारेला लेक पाण्यातून बाहेर येईना.

आता बाबा स्वतःहून पालगडचं विचारताहेत. चिपळूण_जंक्शन, खेडहून रस्ता कसा आहे? आमची गाडी लहान आहे आणि मागे दोन गुडघेदुखीवाले बसतात.

चिपळूण_जंक्शन

रस्ता वळणांचा आहे, पण लहान गाडी आरामात जाते. गुडघ्यांपेक्षा पोटाची काळजी घ्या, सोबत आवळासुपारी ठेवा. आणि मागे आईंना खिडकीशी बसवा, आजोळच्या गोष्टी अजून राहिल्या असतील.