मदत हवी आहे: न्यूयॉर्कमध्ये आईसाठी व्हेज बर्गर कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, मी ठाण्याचा, घोडबंदर रोडला राहतो. दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन न्यूयॉर्कला जातोय, हॉटेल टाइम्स स्क्वेअरजवळ आहे. बाबा आणि मी चिकन खातो, बीफ नाही, आणि आई पूर्ण शाकाहारी, अंडंपण नाही. तिला बर्गर-फ्राइज प्रचंड आवडतात, पण तिकडच्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्ये बीफ फ्लेवर असतो, आपल्याकडे तसं नसतं, म्हणून ते बाद. फाइव्ह गाइज ही बर्गरची चेन फ्राइज शेंगदाणा तेलात तळते, ते ठीक वाटतंय. शेक शॅक तर 2004 साली मॅडिसन स्क्वेअर पार्कातच सुरू झालं, तिथे मश्रूमचा बर्गर मिळतो, पण त्यात किंवा बनमध्ये अंडं असतं का? बर्गर किंगचा इम्पॉसिबल व्हॉपर (मांसाऐवजी वनस्पतींपासून केलेल्या पॅटीचा बर्गर) एरवी मांसाच्याच ग्रिलवर भाजतात, सांगितलं तर वेगळा करून देतात म्हणे, पण गर्दीत ऐकतात का खरंच?

53 स्ट्रीटच्या हलाल गाइजच्या गाडीवर फलाफल आहे, पण आईला बर्गरच हवाय. मॅनहॅटनमध्ये पूर्ण व्हेज बर्गरवालं, बसायला जागा असलेलं काही माहितीये का कुणाला? आईचे गुडघे दुखतात, उभं राहून खाणं जमणार नाही. स्वतः खाल्लं असेल तर प्लीज नक्की सांगा.