ओरोनोच्या संघात मेनची पोरं का दिसत नाहीत?

बँगोरकर
ओरोनो म्हणजे अमेरिकेतल्या मेन राज्याच्या विद्यापीठाचं गाव, आणि विषय त्याच्या आईस हॉकी संघाचा. परवा इथे एकाने लिहिलं, "मेनच्या हायस्कुलांतल्या पोरांत दमच नाही, म्हणून युनिव्हर्सिटी ऑफ मेन त्यांना घेत नाही. रडगाणं पुरे." दोन दिवस गप्प बसलो, आता लिहितोच.

अठरा वर्षं बँगोरला राहतोय. मुलगा सहाव्या वर्षापासून बर्फावर आहे. पहाटे साडेपाचचा आईस टाइम, बाहेर उणे वीस, आणि मी गाडीत थर्मास घेऊन बसलेला. या पोरांची मेहनत मी रोज पाहिली आहे.

दम नाही म्हणता, मग बिडेफोर्डचा ब्रायन ड्युमोलिन कोण? गावच्याच हायस्कुलात खेळला आणि गेला बॉस्टन कॉलेजला. तिथे २०१० आणि २०१२ ची राष्ट्रीय विजेतेपदं, पुढे एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये पिट्सबर्गकडून २०१६ आणि २०१७ चे स्टॅनली कप, म्हणजे तिथलं विजेतेपद. केनेबंकपोर्टला वाढलेला गार्नेट हॅथवे ब्राऊन विद्यापीठात गेला. यार्मथचा ऑलिव्हर वॉलस्ट्रॉम आधी मिनेसोटातल्या शॅटक-सेंट मेरीज या निवासी शाळेत, शेवटी बॉस्टन कॉलेजला. तिघंही एनएचएलपर्यंत पोचले, ओरोनोचा शर्ट एकाच्याही अंगावर चढला नाही.

खरी गोम वेगळी आहे. आमच्या हायस्कूलचा सीझन डिसेंबर ते मार्चची सुरुवात, सामने जेमतेम अठरा-वीस. यूएसएचएल या शाळेबाहेरच्या ज्युनिअर (सोळा ते वीस वर्षांच्या) लीगमध्ये पोरगा साठाच्या वर सामने खेळतो. कॉलेजचा प्रशिक्षक बघायला तिकडेच जाणार. शिवाय डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज हॉकीच्या सर्वांत वरच्या गटात, पहिल्या वर्षाची बहुतेक मुलं वीस-एकवीसची असतात. म्हणजे शाळा संपल्यावर दोन वर्षं ज्युनिअर खेळून या. हायस्कूल हॉकी या वाटेवर येतच नाही. पण राज्याचं विद्यापीठ आहे, आमच्या करावर चालतं. वर्षाला दोन पोरं तरी घरची घ्या!

ओंटारियोकर
तुमचीच उदाहरणं तुमच्या विरोधात जातात. वॉलस्ट्रॉमने तेराव्या वर्षी मेनलाच शब्द दिला होता, नंतर बेत बदलला. विद्यापीठाने काय त्याला बांधून ठेवायचं?

आणि १९९३ चा मेनचा राष्ट्रीय विजेता संघ आठवा. ४२ विजय, १ हार, २ बरोबरी. पॉल करिया व्हँकुव्हरचा, पहिल्याच वर्षी शंभर पॉइंट (गोल आणि गोलाचे पास मिळून) आणि होबी बेकर, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा किताब. कर्णधार जिम माँटगोमेरी माँट्रियलचा. अंतिम सामन्यात २-४ मागे असताना शेवटच्या पीरियडमध्ये एकट्याने तीन गोल मारले त्याने. गोलकीपर गार्थ स्नो मॅसॅच्युसेट्सचा. त्या रात्री ओरोनोत कुणी विचारलं का, यातला आपल्या गावचा कोण? मेनची वस्ती चौदा लाख. त्यातून दरवर्षी डिव्हिजन वनचे दोन खेळाडू निघतीलच, हा हट्ट आहे.

मिनेसोटाची आई
वस्तीचं कारण पुढे करू नका, प्रश्न इच्छेचा आहे. आमच्याकडे प्रशिक्षक हर्ब ब्रुक्सच्या काळापासून गोफर्स, म्हणजे मिनेसोटा विद्यापीठाचा संघ, बहुतेक मिनेसोटाच्याच पोरांचा. हायस्कूलच्या स्टेट टूर्नामेंटला अख्खं राज्य टीव्हीसमोर बसतं, म्हणून मुलं शेवटच्या वर्षापर्यंत शाळेसाठी खेळतात. २००२ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या गोफर्समध्ये एक सोडून सगळे मिनेसोटाचे होते. घरच्या पोरांवर जिंकता येतं.

ओंटारियोकर
त्या फायनलला समोर मेनच होतं, ताई. मिनिटभर उरलं असताना मेन ३-२ ने पुढे. मग बरोबरी झाली आणि ओव्हरटाइममध्ये गोल केला ग्रँट पोटल्नीने. गाव ग्रँड फोर्क्स, नॉर्थ डकोटा. तुमचा 'एक सोडून' तो हाच.

मिनेसोटाची आई
बरं, तो गोल बाहेरच्याचा, मान्य. पण बरोबरीचा गोल मॅट कोआल्स्काचा होता, आणि तो सेंट पॉलचा. तो झाला नसता तर ओव्हरटाइम कुठला?

हार्टफर्डचे काका
मला एक कळत नाही. बँगोरकर सहज लिहून गेले, "दोन वर्षं ज्युनिअर खेळून या." अहो, ही दोन वर्षं म्हणजे काय? अठराव्या वर्षी शाळा संपली, वर्गातली मुलं कॉलेजात गेली, आणि आपला मुलगा कुठल्या तरी गावात बसने फिरत हॉकी खेळतोय. गुडघा गेला तर? हातात ना डिग्री ना हॉकी. आपण इथवर आलो ते शिक्षणाच्या जोरावर. माझ्या भाच्याने हेच केलं. एकविसाव्या वर्षी कॉलेज सुरू केलं तेव्हा अभ्यासाची सवय मोडली होती, पहिल्या वर्षी दोन विषय राहिले. कुठल्या संघात कोण, हा प्रश्न नंतर. आधी आईवडिलांनी हे करू द्यावं का?

नाशुआची आई
काका, माझा मुलगा सोळाव्या वर्षी आयोवात बिलेटकडे राहायला गेला. म्हणजे खेळाडूंना घरी ठेवून घेणाऱ्या परक्या कुटुंबात. पहिल्या रात्री फोनवर एवढंच म्हणाला, "इथे जेवण साडेपाचला असतं." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात बसून रडले. पण त्या घरातल्या बाईंनी त्याला स्वतःच्या मुलासारखं सांभाळलं. ऑनलाइन शाळा पूर्ण केली त्याने, कपडे धुवायला शिकला, हरल्यावर गप्प राहायला शिकला. आज कॉलेजच्या खालच्या गटात, डिव्हिजन थ्रीला खेळतो. खेळासाठी एक पैसाही मिळत नाही, तिथे तशी स्कॉलरशिप नसतेच. इंजिनिअर होईल. एका भाच्यावरून तुम्ही आम्हा सगळ्यांना बेजबाबदार ठरवता?

हार्टफर्डचे काका
बेजबाबदार मी म्हटलं नाही. पण सोळा वर्षांचं पोर दोन हजार किलोमीटरवर परक्यांकडे ठेवणं मला कधी जमलं नसतं, आणि ते मी बोलणारच.

नाशुआची आई
नसेल जमलं. मग ज्यांना जमलं त्यांना शिकवू नका.

साताऱ्याचा दादा
मध्ये बोलतो. मुलाला खेळासाठी लांब ठेवायचं, हे काही अमेरिकेनेच काढलेलं नाही. माझा धाकटा भाऊ बाराव्या वर्षी साताऱ्याहून पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत गेला, हॉकीसाठीच, आपल्या मैदानी हॉकीसाठी. आई महिन्यातून एकदा लाडू घेऊन एसटीने जायची. पुढे तो रेल्वेत लागला आणि एका स्पर्धेत रेल्वेकडून महाराष्ट्राविरुद्ध खेळला. वडील स्टँडमध्ये होते. कुणासाठी टाळ्या वाजवायच्या ते त्यांना कळेना, दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. नोकरी रेल्वेने दिली होती. राज्याच्या संघाने त्याला पोटापुरतं काय दिलं असतं?

बँगोरकर
दादा, तुमच्या वडिलांचे ते हात डोळ्यांपुढून जात नाहीत.

ओंटारियोकर, १९९३ चं मान्य करावं लागेल. पण तेव्हाच्या मेनच्या पोराला जेवढी जागा होती तेवढी आता उरलेली नाही. १ ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनिअर या वरच्या ज्युनिअर लीगमधली मुलंही एनसीएएत, म्हणजे अमेरिकेच्या कॉलेज स्पर्धांत, खेळू शकतात. त्यांतली कितीतरी आधीच व्यावसायिकांसारखी खेळलेली. त्यांच्यासमोर अठरा सामन्यांचा आमचा मुलगा काय करणार?

ओंटारियोकर
त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडची मुलं खूश आहेत, एवढं सांगतो. आणि प्रशिक्षक बेन बारच्या मेन संघाने २०२५ मध्ये हॉकी ईस्ट, म्हणजे त्यांची कॉलेज लीग, जिंकली, २००४ नंतर पहिल्यांदा. बाहेरची पोरं घेऊनच ना? तुम्हीही नाचला असालच.

बँगोरकर
नाचलो, घरभर. मुलगाही नाचला. आणि झोपायला जाताना म्हणाला, "बाबा, त्यातला एक तरी आपल्या लीगमधला असता तर..."

त्याला आता एका ज्युनिअर संघाच्या ट्रायआउटचं बोलावणं आहे, जुलैत. काका, तुमचं म्हणणं बायकोला वाचून दाखवलं, ती तुमच्या बाजूची आहे. नाशुआच्या ताई, बिलेटच्या घरी पहिल्यांदा जाताना बरोबर काय न्यायचं, तेवढं कळवा.