समुद्राच्या जुन्या साहसकथा : गाळून वाचाव्यात की जशाच्या तशा?

गोदाकाठ (पैठण)
या सुट्टीत भाच्यासोबत 'रॉबिन्सन क्रूसो' वाचायला घेतलं. लहानपणी मी संक्षिप्त आवृत्ती वाचली होती. बेट, शेळ्या, पोपट, वाळूतला पायाचा ठसा, एवढंच लक्षात होतं. या वेळी पूर्ण पुस्तक आणलं. त्यात कळलं, जहाज फुटतं तेव्हा क्रूसो ब्राझीलच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणायला निघालेला असतो. त्याआधी झुरी नावाचा पोरगा त्याच्यासोबत गुलामीतून निसटलेला असतो. त्यालाच हा साठ नाण्यांना विकून टाकतो. भाच्यानं पुस्तक मिटलं. "मामा, हा चांगला माणूस आहे का?" मला वाटतं, या प्रश्नासाठी तरी १७१९ सालचं हे पुस्तक पूर्णच वाचावं. वादळाचं वर्णन वाचताना आजही पोटात गोळा येतो, ते वेगळंच.

मास्तरीणबाई (परभणी)
दादा, तुमच्या भाच्याजवळ मामा बसला होता. माझ्या वर्गातली लेकरं एकटी वाचतात, आणि एकटं वाचणारं लेकरू नायकाच्या बाजूनंच वाचतं. बेटावर भेटलेल्या माणसाचं नाव क्रूसो 'फ्रायडे' ठेवतो आणि त्याला सुरुवातीलाच शिकवतो ते काय, तर मला 'मालक' म्हण. माझ्याकडं सहावीत अशी लेकरं आहेत, ज्यांचे आईबाप उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पैसे देऊन बांधून घेतलेलं माणूस म्हणजे काय, हे त्यांना घरात दिसतं. त्यांनी ही गोष्ट मालकाच्या डोळ्यांनी का वाचावी? समुद्र द्या, वादळ द्या, बाकीचं खुशाल गाळा.

बालाघाटी (अंबाजोगाई)
ताई, कळकळ पटते. पण कात्री कोणाच्या हातात असते, तेही बघा. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नचा पाणबुडीवाला कॅप्टन नेमो मूळचा कुठला, हे १८७० च्या 'समुद्राखाली वीस हजार लीग' या पुस्तकात उघड होत नाही. १८७५ च्या 'रहस्यमय बेट'मध्ये कळतं, तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर. १८५७ च्या उठावात लढला, त्यात घरदार गेलं, म्हणून इंग्रजांवर राग. आणि त्या काळच्या इंग्रजी भाषांतरात नेमकी इंग्रजांवरची टीका मवाळ केली गेली! आपला माणूस आपल्यापर्यंत अर्धवट पोचला. तिथंही काटणाऱ्यानं वाचकाचं भलंच पाहिलं असेल. आणि कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हटलं, हे तरी विसरता येतं का? चाचा कोण, हे लिहिणाऱ्यावर ठरतं. ते कळायला मूळ पानं हातात हवीत.

मास्तरीणबाई (परभणी)
नेमोचं पटलं. मग माझ्या वाचनपेटीत आधी नेमो येईल. क्रूसो नववी-दहावीच्या पुढं, आणि तोही वर्गात सगळ्यांनी मिळून. सहावीबद्दल माझं मत तेच आहे.

तेरकर (धाराशिव)
जरा वेगळं सांगतो. आमच्याकडं कुणी म्हणालं, आपल्याला समुद्र नाही, ही पुस्तकं कशाला? तर आमच्याकडचं तेर गाव म्हणजे जुनं तगर शहर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात तगरचं कापड आणि पैठणचे दगड बैलगाड्यांनी भडोचच्या बंदराला जातात, असं लिहिलंय. आपला माल समुद्रावर होता. मात्र भाषा अडते हे खरं. लहानपणी 'जहाजानं नांगर टाकला' वाचलं, तर माझ्या डोळ्यांपुढं वडिलांचा औत आला. डोलकाठी, सुकाणू, तांडेल हे शब्द गावात कुणाला विचारणार? गाळायचं तर नाहीच, उलट असल्या शब्दांचा अर्थ पानाखाली द्या. लेकरं शब्दाला अडून पुस्तक सोडतात.

गोदाकाठ (पैठण)
ताई, तुमची ऊसतोडीची गोष्ट भाच्याला सांगितली. आता तो फ्रायडेपर्यंत पोचलाय. क्रूसोनं वाराचं नाव दिलं, पण याच्या आईनं काय नाव ठेवलं होतं, ते शोधत त्यानं शेवटपर्यंत पानं चाळली. ते पुस्तकात कुठंच नाही. काल त्यानं वहीत दोन-तीन नावं लिहून ठेवलीत.